रिकाम्या पुंगळीची साक्ष
बुलढाणा जिल्ह्यांतील एका उपेक्षित साधनाविषयीं

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे मोडी कागद, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हीं प्रथम डोळ्यांपुढें येतात. बुलढाणा जिल्ह्यास यांची वाण नाहीं. सिंदखेडचे जाधव व लोणारचें दैत्यसूदनाचें देवालय यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु रानांत, जुन्या वाड्यांच्या कोनाड्यांत व मोडीच्या दुकानांत सांपडणाऱ्या एका क्षुद्र वस्तूकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें आम्हांस दिसत नाहीं. ती वस्तु म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी. ती कशी घडते, एका जातीच्या पुंगळीपासून दुसऱ्या जातीची कशी घडवितात, आणि तिच्या साक्षीनें काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, एवढ्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम काळाची मर्यादा ठरविली पाहिजे. साखरखेर्डा येथें सन १७२४ त निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांचें युद्ध होऊन मुबारिझखान पडला. त्या काळची सामान्य हातबंदूक तोडेदार होती. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, वर शिशाची गोळी गजानें ठासावयाची, आणि कानावरील रंजकीस जळता तोडा लावावयाचा, अशी तिची रीत. एक नळी दुसरीसारखी नसल्यामुळें ज्याची बंदूक त्याचा साचा असे. शोरा, गंधक व कोळसा यांची दारू होई. शोरा जुन्या वस्तीच्या पांढरीच्या मातींतून निघे. लोणारच्या सरोवरांतील क्षार मात्र सोडा व मीठ यांचा असून दारूच्या उपयोगाचा नव्हे. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. मोजलेली दारू व गोळी बांधलेली कागदाची पुडी, एवढाच त्याचा त्या वेळचा अर्थ. सन १८५१ त देऊळगांव राजा येथें जाधवांच्या पदरचे अरब व हैदराबाद कंटिंजंट यांची लढाई झाली, तेव्हांही बंदुका ठासणीच्याच होत्या. तेव्हां या दोन्ही रणभूमींवर पितळी पुंगळी मिळाली, तरी ती त्या लढायांची नव्हे, हें निःशंक म्हणतां येतें.

इंग्रज सरकारानें सन १८६६ त एन्फील्डची ठासणीची बंदूक पालटून मागून भरावयाची स्नायडर बंदूक स्वीकारली. तिच्याकरितां बॉक्सर या अधिकाऱ्यानें पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून तिला लोखंडी बूड बसविलें. पुढें सन १८७१ त मार्टिनी-हेन्री बंदूक आली. तिचें काडतूस आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. स्नायडरच्या ५७७ बोराच्या काडतुसाचा पाया घेऊन पुंगळी लांबविली, व पुढचा भाग ४५० बोराच्या गोळीस बसेल इतका आंवळला. म्हणूनच त्याचें नांव ५७७/४५० असें पडलें. नांवांतच आई व लेंक दोन्ही आहेत. एका पुंगळीची मान आंवळून दुसरी करणें ही शिकाऱ्यांची लहर नसून ती खुद्द सरकारी कारखान्याची रीत होती, हें यावरून दिसेल.

गुंडाळीची पुंगळी मागें पडून ओढींव पितळेची पुंगळी रूढ झाली. तिचा धातु सुमारें ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असा असतो. चकतीची वाटी करावयाची, ती साच्यांतून ओढून लांब करावयाची, आणि प्रत्येक ओढीनंतर भट्टीत ताव देऊन नरम करावयाची. ठोक्यानें पितळ कठीण होतें व तावानें पुन्हां मऊ होतें, हें आपल्या तांबटास कोणी शिकवावें लागत नाहीं. तयार पुंगळीपासून दुसरी करतांनाही नियम तोच. फक्त मानेस ताव द्यावयाचा, बुडास कधींही नाहीं. कारण स्फोटाचा जोर बुडास सोसावा लागतो व नरम बूड फाटतें. मग पुंगळी साच्यांत दाबली कीं मान आंवळते, खांदा मागें सरतो, आणि सुटलेलें पितळ पुढें वाहून पुंगळी वाजवीपेक्षां लांब होते. हें वाढलेलें तोंड तासून मापास आणावें लागतें. तें न तासल्यास नळीच्या घरांत तोंड चेपलें जाऊन गोळीस घट्ट धरतें, व दाब वाढून बंदूक धन्यावरच उलटते.

मानेच्या तावाचें महत्त्व जगास कळण्यांत हिंदुस्थानच्या पावसाळ्याचा मोठा भाग आहे. एकोणिसाव्या शतकांत येथील लष्करी कोठारांतील काडतुसांच्या माना पावसाळ्यांत आपोआप चिरूं लागल्या. आंवळलेल्या पितळेंत दबून राहिलेला ताण, आणि घोड्यांच्या पागांतून उठणारा नवसागरी वायु व दमट हवा, या दोहोंच्या संयोगानें भेगा पडत. इंग्लंडांतील धातुशास्त्रज्ञांनीं सन १९२१ त याचा पूर्ण उलगडा केला. आंवळल्यावर मानेस सौम्य ताव देणें हाच उपाय ठरला. म्हणून मानेजवळ उभी भेग पडलेली जुनी पुंगळी दिसल्यास ती स्फोटानेंच फाटली असें घाईनें म्हणूं नये.

आतां कायद्याकडे वळूं. सन १८७८ च्या शस्त्रकायद्यानें हत्यार बाळगणें परवान्याधीन झालें. त्यानंतर सन १९०७ च्या सुमारास लष्करी काडतुसें बंडखोरांच्या हातीं पडूं नयेत म्हणून हिंदुस्थानांत खासगी लोकांस ३०३ व ४५० बोराच्या बंदुका आणण्याची मनाई झाली. याचा परिणाम मौजेचा झाला. विलायती कारागिरांनीं ४५० ऐवजीं ४६५ व ४७० असे बोर काढले. लहान बोरांत ऑस्ट्रियाचें जुनें आठ मिलिमीटरचें मान्लिखर काडतूस ३१५ या नांवानें येथें रूढ झालें. आठ मिलिमीटर म्हणजेच इंचाचे ३१५ सहस्रांश. पुढें ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत या बोराच्या बंदुका होऊं लागल्या. ऑस्ट्रेलियांत अशाच निर्बंधांपायीं ३०३ ची पुंगळी आंवळून २५ बोराची करण्याचा प्रघात पडला. ज्या काडतुसास कोणत्याही कारखान्यानें आपलें म्हटलें नाहीं, अशा घरगुती जातीस अमेरिकेंतील शिकारी 'वाइल्डकॅट' म्हणजे रानमांजर म्हणतात. कायदा बोराचें नांव घेतो. पितळ मात्र नांव मानीत नाहीं.

येथेंच संशोधकानें सावध झालें पाहिजे. पुंगळीच्या बुडावरील छाप तिचें जन्मस्थान व पुष्कळदां जन्मवर्ष सांगतो. खडकीच्या कारखान्याचा छाप 'के एफ' असा असतो. मलकापुराच्या पश्चिमेस वरणगांव येथें सन १९६४ त कारखाना निघाला, त्याचा छाप त्या सालापूर्वींच्या प्रसंगास लावणें अर्थातच चूक. पण छापावरून ती कोणत्या बंदुकींतून सुटली, हें ठरत नाहीं. तें खांद्यावरून ठरतें, कारण स्फोटाच्या वेळीं पितळ फुगून नळीच्या घराचा आकार घेतें. बुडाचा छाप एक जात सांगतो व मान दुसरी सांगते, असें झाल्यास पुंगळी पुन्हां घडविलेली आहे. तोंड तासल्याच्या खुणा, मानेवरील तावाचा निळसर-तपकिरी पट्टा, टोपीच्या खळग्यांतील एक किंवा दोन छिद्रें, हीं सर्व पाहावीं. तावाचा पट्टा एकटा मात्र पुरावा नव्हे. कारखानेही तो ठेवतात.

उलट पक्षीं, पुंगळी नाहीं म्हणून बंदूक नव्हती, असेंही अनुमान करूं नये. पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना सन १९५९ च्या शस्त्रकायद्यांतही स्वतंत्र सांगितला आहे. डुकरांपासून ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याची ती बंदूक मागें धुराशिवाय कांहींच ठेवीत नाहीं. केवळ पुंगळ्यांवरून इतिहास लिहिला, तर त्यांत साहेबाची शिकार येईल व कुणब्याची राखण गळेल.

आमची विनंति एवढीच. रिकामी पुंगळी मिळाल्यास ती घांसून चकचकीत करूं नये; सांपडल्याची जागा, खोली व तारीख लिहून ठेवावी; बूड, खांदा व तोंड तिन्ही मापावीं. भरलेलें काडतूस मिळाल्यास त्यास हात न लावतां पोलिसांस कळवावें. मोडी कागद जपण्यास आपण शिकलों. आतां मोडींत जाणारें हें पितळही, वितळण्यापूर्वीं, एकदां वाचून घ्यावें.