बांधावरची शिसव

मुंबईच्या लाकडाचा इतिहास सांगताना माणसं सागापासून सुरुवात करतात. मी शिसवीपासून करतो, कारण आमच्या घरची एक शिसव त्यात गेली.

दहावी झाल्यावर १९७८ साली मी लालबागला वडिलांच्या खोलीवर आलो. वडील परळच्या गिरणीत होते. मला बदलीचं कामसुद्धा मिळेना, म्हणून गल्लीतल्या वाद्यदुरुस्तीच्या कारखान्यात चिकटलो. कारखाना कसला, दहा बाय बाराची खोली! तिथं पेट्या यायच्या, तंबोरे यायचे आणि गिरगावातल्या खोताच्या वाडीतून गिटारी यायच्या.

शिसव कापली की गुलाबासारखा गोडसर वास सुटतो. साहेबाचं रोझवूड हे नाव त्या वासावरूनच. पण भुसा नाकात गेला की दिवसभर शिंका. मुंबईला ही शिसव नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या नगीनदास मास्टर रोडवर, शिसवी खुर्च्या-कोच विकायला असत. त्याला 'बॉम्बे ब्लॅकवूड' म्हणत. नक्षी इतकी, की बसायचं कुठं असं वाटावं. तबल्याचं चांगलं खोडही शिसवीचंच.

गिटारीचं काम मात्र नाजूक. मिस्त्री फळी वरच्या टोकाला दोन बोटांत अधांतरी धरायचे आणि टिचकी मारायचे. "ऐक रे पोरा." साग ठप् करून गप्प व्हायचा. शिसव घंटेसारखी वाजायची आणि वाजत राहायची. गिटारीची पुढची पाटी स्प्रूस नावाच्या हलक्या विलायती लाकडाची, ती थरथरते. मागची शिसव तो आवाज गिळत नाही, परत देते. पाठीसाठी एकाच फळीच्या दोन पातळ चिरा काढायच्या आणि पोथीची पानं उघडावीत तशा शेजारी शेजारी जोडायच्या, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा जुळतात. कडेच्या पट्ट्या दोन-अडीच मिलिमीटरच्या. ओली पट्टी तापल्या लोखंडी पाइपावर दाबून हळूहळू वळवायची. घाई केली की ताड्! माझ्या हातून तीन तुटल्या. तिसरीला मिस्त्री बोलले नाहीत, नुसते बाहेर जाऊन विडी ओढून आले.

पूर्वी जगात मान होता ब्राझीलच्या शिसवीला. साठच्या दशकाच्या शेवटी ब्राझीलनं ओंडके बाहेर द्यायचं बंद केलं आणि अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये नेहमीच्या गिटारींसाठी हिंदुस्थानी शिसव धरली. आमच्या बांधावर बैल बांधायचं झाड तिकडं असं मोलाला चढलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पावसाळ्यापर्यंत आईच्या पाटल्या गेल्या. मग वडील गावी गेले आणि बांधावरची, आजोबांनी राखलेली शिसव एका व्यापाऱ्याला नऊशे रुपयांना देऊन आले. एकट्याच्या कवेत न मावणारं झाड! आमचे मिस्त्री गिटारीच्या पाठीच्या एका फळीला काय मोजतात, ते मला माहीत होतं. वडिलांना मी ते कधी सांगितलं नव्हतं. कामाचं घरी बोलायची आमच्यात पद्धतच नव्हती. त्या रात्री पैसे मोजताना त्यांनी विचारलं, "बरे आले ना रे?" मी हो म्हणालो.

त्या झाडात आजोबांनी बैलासाठी ठोकलेलं लोखंडी कडं होतं, लाकडानं ते अर्धं गिळलं होतं. पुढं दोन वर्षं लाकडी बंदरावर माल बघायला गेलो की मी ओंडक्यांवर त्या कड्याची खूण शोधायचो. सापडली नाही.

वडिलांची गिरणी काही सुरू झाली नाही. १९८५ ला मी शेतीवर परतलो.

२ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या परदेशी व्यापाराला 'साइट्स' कराराचे कागद लागू लागले. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हे मला नातवाकडून कळलं. तो दादरला गिटार शिकतो. त्यानं स्वतःची गिटार दाखवली, "आजोबा, रोझवूड आहे." मी पाठीवर टिचकी मारली. वरून शिसवीचं साल, आत प्लायवूड. त्याला सांगितलं नाही. वाजवतो छान.

शिसवीच्या मुळांतून फुटवे येतात. आमच्या बांधावर त्यातले दोन जगले, चाळीस वर्षांत माझ्या मांडीएवढे झालेत. गेल्या साली एक जण विचारत आला. मी त्याला चहा दिला आणि फळीचा भाव सांगितला. चहा संपवून तो उठला.