ब्लिझकॉन व्हर्च्युअल तिकीट

ब्लिझकॉन व्हर्च्युअल तिकीट (अर्थात आभासी प्रवेशिका) हे ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकी व्हिडिओ गेम कंपनीच्या ब्लिझकॉन या मेळाव्याचे थेट प्रक्षेपण घरबसल्या पाहण्यासाठी विकले जाणारे सशुल्क तिकीट होते. इ.स. २००८ मध्ये उपग्रह दूरचित्रवाणीवरून सुरू झालेली ही व्यवस्था इ.स. २००९ मध्ये आंतरजालावर आली आणि इ.स. २०१९ पर्यंत, मेळावा भरला त्या प्रत्येक वर्षी, चालू राहिली. इ.स. २०२१ पासून कंपनीने प्रक्षेपण विनामूल्य केले. तिकीट घेणाऱ्यास प्रक्षेपणाबरोबरच कंपनीच्या खेळांत वापरता येणाऱ्या आभासी वस्तूही मिळत. कालांतराने तिकिटाचे मोल प्रक्षेपणापेक्षा या वस्तूंवरूनच ठरू लागले.

पार्श्वभूमी

वॉरक्राफ्ट, स्टारक्राफ्ट आणि डायाब्लो या खेळमालिकांची निर्माती असलेल्या ब्लिझार्डने पहिला ब्लिझकॉन २८ व २९ ऑक्टोबर २००५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनहाइम येथे, डिस्नेलँडशेजारच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरवला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा आंतरजालावर हजारो खेळाडूंनी एकत्र खेळायचा खेळ त्याच्या आदल्या वर्षी बाजारात आला होता. त्याची पहिली विस्तार-आवृत्ती द बर्निंग क्रुसेड हिची घोषणा याच मेळाव्यात झाली. या पहिल्या मेळाव्यास सुमारे ८,००० लोक उपस्थित होते, इ.स. २००९ पर्यंत हा आकडा २०,००० वर गेला.

तरीही मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे होती. प्रत्यक्ष प्रवेशाची तिकिटे विक्री खुली होताच काही मिनिटांत संपत आणि विक्रीच्या संकेतस्थळावर ताण येऊन ते कोलमडे. शिवाय हा खेळ खेळणारे लाखो लोक अमेरिकेबाहेर राहत होते. त्यांच्यासाठी विमानप्रवास, निवास आणि १०० डॉलरांहून अधिक किमतीचे तिकीट हा खर्च आवाक्याबाहेरचा होता. सभागृहात मावतील त्यांच्या अनेक पट लोक पाहण्यास उत्सुक आहेत आणि त्यांपैकी काही त्यासाठी पैसेही देतील, हा हिशेब या व्यवस्थेच्या मुळाशी होता.

दूरचित्रवाणीवरून आंतरजालाकडे

एखाद्या कार्यक्रमापुरते वेगळे शुल्क भरून तो घरच्या दूरचित्रवाणी संचावर पाहण्याची ‘पे-पर-व्ह्यू’ पद्धत अमेरिकेत मुष्टियुद्ध आणि व्यावसायिक कुस्ती यांमुळे रुळली होती. ब्लिझार्डने इ.स. २००८ मध्ये हीच वाट धरली. १० व ११ ऑक्टोबर २००८ रोजीच्या मेळाव्याचे प्रक्षेपण डायरेक्टटीव्ही या उपग्रह वाहिनीसेवेच्या ग्राहकांना ३९.९५ डॉलरांत उपलब्ध करून देण्यात आले. व्हिडिओ गेमच्या मेळाव्यास मुष्टियुद्धाच्या पंक्तीत बसवण्याचा हा प्रयोग त्या काळी अनेकांना धाडसी वाटला. मात्र ही सोय अमेरिकेपुरती आणि तेथेही एकाच सेवेच्या ग्राहकांपुरती होती.

पुढील वर्षी, २१ व २२ ऑगस्ट २००९ रोजी, त्याच किमतीत आंतरजालावरील प्रक्षेपणही सुरू झाले आणि अमेरिकेबाहेरील प्रेक्षकांसाठी दार उघडले. इ.स. २०१३ पासून मेळावा नोव्हेंबरच्या आरंभी भरू लागला. कॅलिफोर्नियात सकाळी ११ वाजता होणारा उद्घाटन सोहळा उन्हाळी वेळ चालू असल्यास भारतात रात्री ११.३० वाजता दिसे. त्यामुळे येथील प्रेक्षकास सारी चर्चासत्रे थेट पाहायची तर दोन रात्री जागून काढाव्या लागत. प्रक्षेपणाच्या चित्रफिती नंतरही काही काळ पाहता येत; थेट पाहणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्या दृष्टीने ही सोय तिकिटाचा महत्त्वाचा भाग होती.

तिकिटातील कार्यक्रम

उद्घाटन सोहळ्यात कंपनीचे अध्यक्ष भाषण करीत आणि नव्या खेळांच्या झलकी दाखवल्या जात. इ.स. २०१७ पर्यंत ही भूमिका सहसंस्थापक माइक मोरहाइम यांची होती, इ.स. २०१८ पासून ती जे. ॲलन ब्रॅक यांच्याकडे आली. त्यानंतर दोन दिवस चर्चासत्रे चालत. खेळाचे रचनाकार, चित्रकार, कथालेखक आणि संगीतकार आपले काम कसे झाले ते सांगत, रद्द केलेल्या कल्पनांची रेखाटने दाखवत आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. नव्या खेळाची घोषणा काही मिनिटांत सर्वत्र पसरत असल्याने तिच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नव्हते. तासभर चालणाऱ्या या तांत्रिक चर्चा मात्र त्या स्वरूपात अन्यत्र सहसा मिळत नसत. खेळनिर्मितीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिकिटातील सर्वांत उपयुक्त भाग हाच होता; जाहिरातींत मात्र त्याला क्वचितच पुढे केले गेले.

यांशिवाय पात्रांच्या वेशभूषांची स्पर्धा, ई-क्रीडा सामने आणि अखेरीस संगीताचा कार्यक्रम असे. ऑझी ऑस्बॉर्न (२००९), टेनेशस डी (२०१०), फू फायटर्स (२०११), ब्लिंक-१८२ (२०१३), मेटालिका (२०१४), लिंकिन पार्क (२०१५) आणि म्यूझ (२०१७) हे कलावंत व वाद्यवृंद ब्लिझकॉनच्या रंगमंचावर आले. 

खेळातील वस्तू

मेळाव्यास येणाऱ्यांना खेळात वापरता येईल अशी आभासी भेटवस्तू देण्याची प्रथा पहिल्याच वर्षी सुरू झाली. इ.स. २००५ मध्ये उपस्थितांना वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मर्की नावाचा सोबती मिळाला. मर्की हा मरलॉक जातीचा आहे. मरलॉक म्हणजे या खेळातील माशासारखे, पाणथळ जागी राहणारे आणि गळ्यातून विचित्र घरघर काढणारे प्राणी. खेळाडूंना ते उपद्रवी वाटत, आणि बहुधा म्हणूनच ते लाडकेही झाले. इ.स. २००९ मध्ये प्रक्षेपणाचे शुल्क भरणाऱ्यांनाही उपस्थितांप्रमाणेच ग्रंटी हा स्टारक्राफ्टमधील सैनिकाचे चिलखत घातलेला मरलॉक देण्यात आला. घरी बसलेला प्रेक्षक आणि सभागृहातील प्रेक्षक यांना एकाच पातळीवर आणणारी ही एक ठळक गोष्ट होती.

पुढे दरवर्षी मरलॉकचा नवा अवतार ही परंपराच झाली. डेथविंग या ड्रॅगनसारखा दिसणारा डेथी (२०१०), डायाब्लोच्या रूपातील मर्काब्लो (२०११), चिलखतधारी मर्कालॉट (२०१३), ग्रॉमलॉक (२०१४) आणि मर्किडान (२०१५) हे त्यांपैकी होत. त्या त्या वर्षी खेळाची जी नवी आवृत्ती चर्चेत असे, तिच्यातील पात्राची ही विनोदी नक्कल असे. इ.स. २०१७ मध्ये सोबत्यांऐवजी स्वारीसाठी दोन वाहने मिळाली. ओव्हरवॉच या खेळात पात्रांच्या विशेष वेशभूषा दिल्या जाऊ लागल्या.

या वस्तूंमुळे खेळात पात्राची ताकद वाढत नसे. त्या केवळ दिसण्यापुरत्या होत्या, पण त्या ठरावीक वर्षीच मिळत आणि इतर खेळाडूंना दिसत. एखाद्याच्या मागे ग्रंटी चालत असेल तर तो इ.स. २००९ च्या मेळाव्यास होता किंवा त्याने तो पैसे भरून पाहिला होता, हे उघड होई. त्यामुळे प्रक्षेपणातील एकही मिनिट न पाहता केवळ वस्तूंसाठी तिकीट घेणारे ग्राहकही होते. अशा ग्राहकाच्या दृष्टीने तिकीट म्हणजे प्रवेशिकेच्या नावाने विकलेली खेळातील वस्तूच होती.

सशुल्क आणि विनामूल्य यांमधील सीमा

तिकिटावरील मुख्य आक्षेप असा की कंपनी आपल्या आगामी उत्पादनांची जाहिरात पाहण्यासाठी ग्राहकांकडूनच पैसे घेते. आरंभी हा आक्षेप फारसा तीव्र नव्हता, कारण तुलनेला दुसरे उदाहरण नव्हते. जून २०११ मध्ये ट्विच हे खेळांच्या थेट प्रक्षेपणाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि त्याच वर्षी निन्टेन्डोने निन्टेन्डो डायरेक्ट ही घोषणांच्या विनामूल्य चित्रफितींची मालिका आरंभली. लॉस एंजेलिसमधील ई-थ्री या व्यापारी प्रदर्शनातील मोठ्या कंपन्यांचे सोहळेही आंतरजालावर विनामूल्य दिसत. अशा वातावरणात घोषणेसाठी शुल्क आकारणे अवघड होत गेले.

ब्लिझार्डने मधला मार्ग काढला. उद्घाटन सोहळा विनामूल्य ठेवण्यात आला, नंतरच्या वर्षांत ई-क्रीडा सामनेही खुले झाले आणि चर्चासत्रे, मुलाखती व समारोप सशुल्क राहिले. दुसऱ्या शब्दांत, ज्याला अधिकाधिक प्रेक्षक मिळणे कंपनीच्या हिताचे होते ते खुले झाले आणि ज्याला मोजके पण निष्ठावान प्रेक्षक होते त्यावर शुल्क राहिले. इ.स. २०१७ पर्यंत ३९.९९ डॉलर असलेली किंमत इ.स. २०१८ मध्ये ४९.९९ डॉलर झाली.

त्याच वर्षी तिकिटात एक नवी गोष्ट आली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या मूळ रूपाची पुनर्निर्मिती असलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकची चाचणी-आवृत्ती सभागृहाप्रमाणेच तिकीटधारकांना घरीही खेळता आली. गर्दी आवरण्यासाठी आरंभी खेळण्याच्या वेळेवर मर्यादा घालावी लागली. मेळाव्यात नवा खेळ प्रत्यक्ष हाताळून पाहणे हा अनुभव तोवर केवळ उपस्थितांचा होता, म्हणून ही सोय या व्यवस्थेच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण भर मानावी लागेल.

२०१८ व २०१९ मधील वाद

२ नोव्हेंबर २०१८ रोजी उद्घाटन सोहळ्याच्या अखेरीस डायाब्लो इम्मॉर्टल हा भ्रमणध्वनीवर खेळायचा खेळ जाहीर झाला. संगणकावरील नव्या डायाब्लोची वाट पाहणारे चाहते नाराज झाले. नंतरच्या प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने ही अवेळी केलेली एप्रिल फूलची थट्टा आहे काय असे विचारले, तर रचनाकार वायट चेंग यांनी तुमच्याकडे फोन नाहीत का असा उलट प्रश्न केल्याने रोष वाढला. या प्रसंगाची चर्चा खेळापुरती झाली असली तरी तिचा तिकिटाशीही संबंध आहे. तिकीट घेताना ग्राहकास काय जाहीर होणार हे ठाऊक नसते. चित्रपटाचे तिकीट काढणाऱ्यास निदान चित्रपटाचे नाव माहीत असते. येथे खरेदी अपेक्षेच्या बळावरच होई.

ऑक्टोबर २०१९ मध्ये हार्थस्टोन या खेळाच्या स्पर्धेनंतरच्या मुलाखतीत हाँगकाँगमधील आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या खेळाडूवर ब्लिझार्डने एक वर्षाची बंदी घातली आणि त्याचे बक्षीस रोखले. तीव्र टीकेनंतर बंदी सहा महिन्यांवर आणून बक्षीस परत देण्यात आले, तरी कंपनीवर बहिष्काराची हाक दिली गेली. १ नोव्हेंबर रोजी सभागृहाबाहेर निदर्शने चालू असताना ब्रॅक यांनी उद्घाटन सोहळ्यात दिलगिरी व्यक्त केली. त्यापाठोपाठ डायाब्लो ४ आणि ओव्हरवॉच २ यांच्या घोषणा झाल्या. सशुल्क व्हर्च्युअल तिकिटाचे हे शेवटचे वर्ष ठरले.

विनामूल्य प्रक्षेपण

कोविड-१९ च्या साथीमुळे इ.स. २०२० चा मेळावा रद्द झाला. त्याऐवजी १९ व २० फेब्रुवारी २०२१ रोजी ब्लिझकॉनलाइन हा केवळ आंतरजालावरील कार्यक्रम झाला. प्रत्यक्ष सभागृहच नसल्याने ‘आभासी’ आणि ‘खरे’ तिकीट हा भेद उरला नाही. सर्व कार्यक्रम विनामूल्य दाखवण्यात आला आणि खेळातील वस्तूंचे १९.९९, ३९.९९ व ५९.९९ डॉलर किमतीचे तीन संच स्वतंत्रपणे विकण्यात आले. तिकिटातील दोन घटक अशा रीतीने वेगळे झाले तेव्हा किंमत वस्तूंना लागली आणि पाहणे फुकट झाले.

फुकट प्रक्षेपणाच्याही अडचणी होत्या. मेटालिकाचे वादन चालू असताना ट्विचच्या गेमिंग वाहिनीवर स्वामित्वहक्काच्या कारणास्तव मूळ आवाज बंद करून त्या जागी हलकेफुलके संगीत लावण्यात आले. इ.स. २००० मध्ये नॅपस्टर या गाण्यांच्या देवाणघेवाणीच्या सेवेविरुद्ध याच वाद्यवृंदाने स्वामित्वहक्काचा खटला भरला होता, याची आठवण अनेकांना झाली.

३ व ४ नोव्हेंबर २०२३ रोजी, मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेतल्यानंतर लगेचच, मेळावा पुन्हा ॲनहाइम येथे भरला. प्रत्यक्ष प्रवेशाचे साधे तिकीट २९९ डॉलरांचे होते. प्रक्षेपण सर्वांसाठी खुले होते आणि वस्तूंचे संच पुन्हा वेगळे विकले गेले. इ.स. २०२४ मध्ये मेळावा झाला नाही.

तत्सम व्यवस्था

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात पाहण्यासाठी शुल्क घेण्याचे अन्य प्रयत्नही झाले. दक्षिण कोरियातील जीओएमटीव्हीने इ.स. २०१० पासून स्टारक्राफ्ट २ च्या जीएसएल स्पर्धेचे उच्च दर्जाचे चित्रण हंगामी तिकिटावर विकले. अमेरिकेतील मेजर लीग गेमिंगने इ.स. २०१२ मध्ये काही स्पर्धा सशुल्क केल्या. वॉल्व्ह या कंपनीने याच्या उलट पद्धत वापरली. इ.स. २०१३ मध्ये तिने डोटा २ च्या द इंटरनॅशनल या स्पर्धेचे प्रक्षेपण विनामूल्य ठेवून ९.९९ डॉलरांची एक आभासी स्मरणपुस्तिका विकली आणि तिच्या किमतीचा चौथा हिस्सा बक्षिसांत घातला. त्यामुळे १६ लाख डॉलरांची मूळ बक्षीस-रक्कम २८ लाख डॉलरांवर गेली. व्हर्च्युअल तिकिटाच्या ग्राहकास आपले पैसे कोठे जातात हे दिसत नसे. येथे ते प्रत्येक खरेदीनिशी वाढणाऱ्या आकड्यात दिसत होते.