टोळीत शिरणारा तरुण : दोष परिस्थितीचा की त्याचा?

पनवेल शहर सोडून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशास प्रथम पळस्पे लागते. तेथे रस्त्यास दोन फाटे फुटतात. एक बोरघाटाने पुण्याकडे चढतो, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्याने गोव्याकडे जातो. या दुसऱ्या रस्त्यावर थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला.

त्यानंतर चौतीस वर्षांनी, १८७९ च्या मे महिन्याच्या १०-११ तारखेस, घाटावरून उतरलेल्या एका टोळीने पळस्पे आणि चिखली ही गावे लुटली. टोळीचे नायक होते फडक्यांचे सहकारी दौलतराव नाईक. लूट सुमारे दीड लाख रुपयांची होती असे सांगतात. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल याच्या शिपायांनी टोळीस गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडले. फडक्यांचे नाव इतिहासात अमर झाले. दौलतरावांचेही काही थोड्यांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या मागोमाग रात्रीच्या अंधारात घाट उतरलेले जे तरुण, त्यांचे स्मरण कोणास नाही. ते का आले? परिस्थितीने त्यांस ओढून आणले, की ते आपल्या पायांनी आले? हा प्रश्न त्या काळापुरता नाही. शहराच्या गल्लीत एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा टोळीत सापडला, की आजही घरोघरी हाच वाद होतो. फडक्यांचे बंड आणि गल्लीतील गुंडगिरी यांचे हेतू अर्थातच भिन्न आहेत. त्यांस एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. तथापि तरुण टोळीकडे कसा वळतो, हे समजून घेण्यास १८७९ सालचा वृत्तांत फार उपयोगी आहे.

प्रथम परिस्थितीची बाजू पाहू. फडक्यांच्या टोळीत रामोशी समाजाचे लोक बरेच होते. किल्ल्यांची व गावांची राखण करणे हा या समाजाचा पिढीजात हक्क आणि मान. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ले ओस पडले, आणि राखणीवर जगणाऱ्या घरांची भाकरी तुटली. त्या असंतोषातून उमाजी नाईक उठले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेले. पुढे १८७६ मध्ये पाऊस फिरला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत धान्य दिसेनासे झाले. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी. परंतु १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने मजुरी कमी करण्यात आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य आणि एक आणा! ज्या घरात हे दिवस गेले, त्या घरातील तरुणास कोणी घोडा, तलवार आणि पोटभर अन्न यांचे आमिष दाखविले, तर तो भुलला यात नवल ते काय?

येथे थांबले, तर न्याय सोपा होतो. परंतु त्याच दुष्काळाची दुसरी हकीकत आहे. मजुरी कमी होताच मोठ्या संख्येने मजुरांनी सरकारी कामे सोडली. त्यांनी बाजार लुटले नाहीत. अपुऱ्या मजुरीवर काम करणार नाही, एवढेच ते म्हणाले. त्यांची भूक टोळीत गेलेल्यांच्या भुकेहून कमी नव्हती. मग अंतर कोठे पडले? १८७० मध्ये स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी होती. गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारास अर्जामागून अर्ज धाडीत होती. आपले गाऱ्हाणे मांडणारे कोणी आहे, एवढ्या विश्वासाने भुकेल्या माणसासही धीर धरता येतो.

आता दोषाची बाजू. परिस्थितीने सर्वांस सारखेच छळले, परंतु शस्त्र थोड्यांनीच उचलले. म्हणून उचलणाऱ्याचा वाटा पुसता येत नाही. फडक्यांनी प्रथम पुण्यातील सुशिक्षितांस हाक दिली होती. ते आले नाहीत, तेव्हा ते रामोशी व कोळी तरुणांकडे वळले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला दरोडा पडला. हाती आले सुमारे चारशे रुपये. नायकाच्या डोळ्यांपुढे स्वराज्य होते, परंतु अनेक साथीदारांची नजर लुटीवर होती, आणि हे शल्य खुद्द फडक्यांनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. एका टोळीत, एका दुष्काळात, एका शस्त्राखाली माणसे भिन्न हेतूंनी वावरत होती. परिस्थितीच सर्व काही ठरवीत असती, तर हा भेद पडता ना.

२० जुलै १८७९ रोजी देवर नावदगी येथे फडके पकडले गेले. पुण्यास खटला चालला, तेव्हा त्यांच्या बचावास उभे राहिले गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. सनदशीर मार्गाने दुष्काळग्रस्तांची बाजू मांडणारा हा पुरुष बंडखोराच्याही पाठीशी उभा राहिला. कृत्य मान्य नसले तरी कृत्यामागील दुःख न्यायासनापुढे आले पाहिजे, हा त्यातील बोध होय. फडक्यांस जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला.

शंभर वर्षांनी मुंबईत पुन्हा एकदा पिढीजात भाकरी तुटली. १८ जानेवारी १८८२ नव्हे, १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरण्या बंद पडत गेल्या आणि लालबाग-परळच्या चाळींतील काही मुले टोळ्यांच्या आश्रयास गेली. परंतु त्याच चाळींत दुसरी मुले भाजी विकत होती, पहारेकऱ्याची नोकरी करीत होती, रात्रशाळेत शिकत होती. त्याच वस्तीत खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांनी १९७५ पासून अन्नपूर्णा महिला मंडळाच्या आधाराने घरे सावरली होती. एकाच जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांतून दोन वाटा निघाल्या. पुष्कळ वेळा त्या जिन्याच्या तोंडाशी मुलास प्रथम कोण भेटले, यावर त्याची वाट ठरली : टोळीचा म्होरक्या, की काम देणारा शेजारी, की परत शाळेत नेणारा शिक्षक.

कायद्यानेही अखेर हे ओळखले आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाकडून अतिगंभीर गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तर त्याची समज आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला ही दोन्ही तपासावी, असे सांगितले आहे. शिवाय मुलांस टोळीच्या कामास जुंपणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. मुलाचा दोष मुलाचा, पण त्यास हाताशी धरणाऱ्याचा दोष अधिक. जेथे समज आणि सत्ता जास्त, तेथे जबाबदारी जास्त.

पळस्प्याजवळच कोन हे गाव आहे. तेथील २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठी निघाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. दुष्काळाच्या काळात ज्या वाटेने टोळी उतरली, त्याच वाटेवर आता नव्या वस्तीतील मुले वाढत आहेत. परिस्थिती तरुणास उंबरठ्यापर्यंत आणून सोडते. पाऊल त्याचे त्यालाच टाकावे लागते, आणि त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. मात्र त्या उंबरठ्यावर आधी कोण जाऊन उभे राहणार, टोळीवाला की सज्जन गृहस्थ, याचा जाब वडीलधाऱ्यांस द्यावा लागेल.