आयएफएससी कोड म्हणजे काय आणि तो कुठे मिळेल?

ऑनलाइन पैसे पाठवायचे म्हटलं की खाते क्रमांकासोबत आयएफएससी कोड विचारला जातो. पैसे कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत जायचे, हे त्यावरून कळतं. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी तो लागतोच.

अक्षरं आणि आकडे मिळून कोड ११ चा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची (महाराष्ट्र बँकेसाठी एमएएचबी, स्टेट बँकेसाठी एसबीआयएन), शेवटची सहा शाखेची. मधलं पाचवं म्हणजे शून्य. इथेच बरेच जण इंग्रजी 'ओ' टाइप करतात आणि कोड चुकतो.

हा कोड चेकवर आणि पासबुकात छापलेला असतो. चेकच्या तळाशी असतो तो ९ अंकी एमआयसीआर, तो इथे चालत नाही. पासबुक जुनं असेल तर जपून. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली आणि २०२१ मध्ये त्यांचे जुने कोड बंद झाले. अशा वेळी बँकेच्या किंवा रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर शाखा निवडून नवा कोड बघा.

कोड कुणाला सांगायला हरकत नाही, तो गुप्त नसतो. (ओटीपी मागितला तर मात्र सरळ फोन ठेवा.) खरी काळजी खाते क्रमांकाची, कारण पैसे त्यावरच जमा होतात, तुम्ही टाकलेलं नाव बँक जुळवत बसत नाही. एनईएफटी, आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. ते नाव वाचूनच पुढचं बटण दाबा.