चार सेकंदांचं उड्डाण आणि हेलिकॉप्टरच्या डोक्यावरची दांडी

आधी एक कबुली. माझं पहिलं रिमोटवालं हेलिकॉप्टर उडालं जेमतेम चार सेकंद. मग ते तिरपं झालं, मी घाबरून स्टिक भलतीकडेच ओढली आणि स्वारी थेट शेवंतीच्या कुंडीत! वाटलं, आपला हातच वाईट. पुढे या छंदाचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, हे यंत्र मुळातच हट्टी आहे.

बघा, नीट बनवलेल्या विमानाची स्टिक सोडली तर ते थोडा वेळ आपलं आपण सरळ जातं. हेलिकॉप्टरचं तसं नाही. एका बाजूला झुकलं की तिकडे सरकतं, आणि सरकतच राहतं. वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो, म्हणून खालचं धड उलट्या दिशेने गरगरायला बघतं. त्याला आवरायला शेपटीवर छोटा पंखा. वर जायला पॉवर वाढवली की शेपूटही फिरते. एक सावरायला जावं तर दुसरं बिघडतं.

या हट्टाशी चिवटपणे झुंजला तो अमेरिकेचा आर्थर यंग. गंमत म्हणजे, खरं हेलिकॉप्टर बनवण्याआधी त्याने १९२८पासून वर्षानुवर्षं मॉडेलंच बनवली. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या पेओली गावच्या एका जुन्या कोठारात हे काम चालायचं. मॉडेलं उलटायची, मोडायची, पुन्हा बनायची. शेवटी त्याने मोठ्या पंख्याला काटकोनात एक दांडी बसवली, दोन्ही टोकांना वजनं. भोवऱ्यासारखी ही दांडी आपली पातळी सहजासहजी सोडत नाही. धड झुकलं तरी ती पात्यांना सावरून धरते. आणि मॉडेल हवेत उभं राहिलं! १९४१मध्ये त्याने ते बेल कंपनीला दाखवलं. त्यातूनच पुढे बेल ४७ आलं, ज्याला ८ मार्च १९४६ला नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे इथे खेळणं आधी आणि खरं हेलिकॉप्टर नंतर.

रेडिओवर नीट उडणारं मॉडेल यायला मात्र आणखी दोन दशकं लागली. ते जमवलं जर्मनीच्या डीटर श्ल्यूटरने. २० जून १९७०ला त्याचं मॉडेल सलग जवळजवळ २८ मिनिटं उडालं आणि साडेअकरा किलोमीटर गेलं. लवकरच त्याच्या ह्यूईकोब्रा मॉडेलचा किट बाजारात आला. पण तेव्हा शेपूट सांभाळायला जायरो नव्हता, सगळी मदार बोटांवर. मला तर त्या पहिल्या गिऱ्हाइकांचीच जास्त कमाल वाटते. पैसे साठवून किट घ्यायचा, कितीतरी संध्याकाळी खपून जोडायचा आणि पहिल्याच उड्डाणात...

पुढे जायरो आले, मग सेन्सर आणि छोटे प्रोसेसर. आज बऱ्याच मॉडेलांवर ती दांडी दिसतच नाही. तिचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं.

तरीही शिकायची रीत बदललेली नाही. आधी सिम्युलेटरवर मनसोक्त आपटून घ्या, तिथे खर्च शून्य. मग मोकळं मैदान, वारा नसलेली सकाळ, आणि पात्यांपासून सगळ्यांनी चांगलं लांब. खाली आडव्या काठ्यांचं ट्रेनिंग गिअर बांधा, म्हणजे उतरताना कलंडणार नाही. शेपूट कायम आपल्याकडे ठेवा. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि बहुतेक नवखे तिथेच आपटतात. आधी फक्त एका जागी उभं ठेवायला शिका.

मला ते जमायला दोन महिने आणि पात्यांचे तीन जोड लागले. शेवंती मात्र परत उगवली नाही.