हातमागावरील उरलेले सूत : उपयोग आणि हक्क

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील हातमागाचा इतिहास बहुधा तयार वस्त्राच्या अंगाने लिहिला गेला आहे. येवल्याची पैठणी व सोलापूरची चादर यांची चर्चा होते. परंतु वस्त्र उतरल्यानंतर उरणाऱ्या सुताचे काय होत असे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात या सुताचा उपयोग व त्यावरील हक्क यांचा विचार केला आहे.

उरलेल्या सुताचे स्वरूप व उपयोग :
उरलेले सूत दोन प्रकारचे असते. ताणा संपत आला की फणीमागील काही भाग विणता येत नाही, कारण धोटा जाण्याइतकी फट तेथे पडत नाही. हे तुकडे म्हणजे दशा. त्या आखूड व खळ लावलेल्या असतात. तथापि त्या कापून टाकण्याऐवजी फणीत तशाच ठेवून नव्या ताण्याचे धागे त्यांना सांधले, तर प्रत्येक धागा फणीत पुन्हा भरण्याचे श्रम वाचतात. दुसरा प्रकार कांड्यांवर राहिलेल्या रंगीत बाण्याचा. सतरंजीत बाणा ताण्याला पूर्णपणे झाकतो. त्यामुळे थोडथोडे उरलेले निरनिराळे रंग पट्ट्यापट्ट्यांनी खपतात. पैठणीच्या पदरावरील नक्षीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र लहान कांडी फिरते, म्हणून तेथे अल्प लांबीचे रेशीमही वाया जात नाही. मात्र सुताची जाडी व रंगाचा पक्केपणा सारखा नसेल, तर कापड आवळते किंवा एक रंग दुसऱ्यावर उतरतो. सारांश, रंगीबेरंगी विणीमागे हौसेइतकाच हिशेबही असतो.

हक्काचा प्रश्न :
पी. जे. थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 1942 च्या अहवालात स्वतंत्र विणकर, व्यापाऱ्यासाठी विणणारे व कारखान्यात मजुरीने विणणारे असे भेद आढळतात. सोलापुरात कारखाना पद्धती विशेष रुजली होती. स्वतंत्र विणकर सूत स्वतः विकत घेई. उरलेला धागाही त्याचाच. परंतु ज्याला सूत व्यापाऱ्याकडून मिळे, त्याच्या घरातील प्रत्येक कांडी दुसऱ्याची मालमत्ता ठरे. तोच धागा एका घरी काटकसर, तर दुसऱ्या घरी अपहार. हा पेच केवळ भारतीय नव्हे. इंग्लंडमध्ये 1777 च्या कायद्याने लोकरी सुताची अफरातफर रोखण्यासाठी निरीक्षक नेमण्याची तरतूद झाली. कारागीर ज्याला परंपरागत हक्क मानीत, त्यातील काही भाग अशा कायद्यांमुळे गुन्हा ठरला.

निष्कर्ष :
उरलेल्या सुताचा उपयोग विणकराच्या कौशल्यावर अवलंबून होता. पण ते कौशल्य स्वतःसाठी वापरण्याची मुभा मालकीवर अवलंबून होती. स्वतःच्या कल्पनेने चार रंग एकत्र विणण्याचे स्वातंत्र्य सूत विकत घेणाऱ्यालाच निर्वेधपणे लाभले. म्हणूनच हातमागाच्या इतिहासलेखनात तयार वस्त्राबरोबर दशांचीही नोंद होणे आवश्यक आहे.