पॉइंट की डबी?

अमेरिकेतल्या जुन्या मसल कारवाल्यांचा एक लाडका वाद आहे: व्ही-८ इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इग्निशनची कोणती डबी लावायची? आपल्याकडे मसल कार नाहीत. (पद्मिनीला कोणी मसल कार म्हणणार असेल तर माझी ना नाही.) पण डबी आपल्याकडेही आली, फक्त वेगळ्या वाटेने. ती गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटते.

मुळात भानगड काय आहे? चार्ल्स केटरिंग या माणसाने १९१० च्या आसपास बॅटरी, कॉईल आणि पॉइंट अशी व्यवस्था बसवली आणि ती पुढे साठेक वर्षं जगभर चालली. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली दोन छोटे पॉइंट असतात. मिटले की कॉईलमध्ये करंट, उघडले की प्लगला ठिणगी. झालं! यांत्रिक स्विचच तो. मग घासणं, जळणं, गॅप कमी होणं, टायमिंग मागे पडणं हे सगळं ओघाने आलंच.

आता जरा हिशोब करू. चार सिलिंडरचं इंजिन ४००० आरपीएमला मिनिटाला ८००० ठिणग्या मागतं, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये साडेसात मिलिसेकंद. आठ सिलिंडरचं ६००० ला गेलं की २४,००० ठिणग्या, आणि हातात उरतात फक्त अडीच मिलिसेकंद. तेवढ्यात कॉईल नीट भरतच नाही, शिवाय पॉइंट उड्या मारायला लागतात. म्हणजे अमेरिकन पोरांची तक्रार खरी होती.

पण गंमत बघा, पॉइंट हटवले ते पॉवरसाठी नाहीत. १९७० च्या क्लीन एअर अ‍ॅक्टनंतर गाडीचा धूर ५०,००० मैलांपर्यंत मर्यादेत ठेवणं कंपन्यांना भाग पडलं, आणि झिजणारा पॉइंट तिथे टिकेना. क्रायस्लरने १९७३ मध्ये आपल्या अमेरिकन गाड्यांना सरसकट इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं, जनरल मोटर्स मागोमाग आली. तोवर इन्शुरन्स, धुराचे नियम आणि तेलसंकट यांनी मसल कारचं युग संपवत आणलं होतं. औषध आलं आणि पेशंट गेला!

आपल्याकडे ही सुधारणा दुचाकीवरून आली. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० (१९८३) पॉइंटवाली होती, आणि त्याच घरातली आरएक्स १०० (१९८५) सीडीआय घेऊन आली. कुर्ल्याची पद्मिनी मात्र आपल्या जागी बसून होती. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कोण तिला ६००० आरपीएमला नेतंय? १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, म्हणजे पॉइंटचे दिवस तसेही भरले होते.

हे सगळं उकरायचं कारण म्हणजे डहाणूच्या मामांची १९७८ ची पद्मिनी. मामींना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा वापीला न्यावं लागतं, तलासरीवरून, हायवेने. मागच्या पावसाळ्यात परतताना तलासरीच्या अलीकडे गाडी बंद पडली. रात्रीचे साडेनऊ, मामी मागच्या सीटवर. मामांनी कॅप काढली, काडेपेटीच्या कडेने पॉइंट घासले आणि वीस मिनिटांत गाडी चालू! मामी एवढंच म्हणाल्या, "आता हे बदला."

नवी गाडी घ्या हे सांगून झालंय. त्याचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

तर पर्याय दोन. पहिला, मल्टी-स्पार्क सीडीआय: कपॅसिटर चारेकशे व्होल्टला भरून कॉईलमध्ये रिकामा करायचा, आणि कमी आरपीएमला एकाऐवजी अनेक ठिणग्या. रेसिंगला उत्तम, पद्मिनीला म्हणजे डास मारायला तोफ. दुसरा, कॅपखाली मावणारं हॉल सेन्सरचं किट: शाफ्टवर चुंबकाची रिंग, बाजूला सेन्सर, घासणारं काहीच नाही. एडविन हॉलने हा परिणाम शोधला १८७९ मध्ये, म्हणजे मोटारगाडीच्याही आधी. माझं मत याला. दमट हवेत कॅपला ओल धरते ती मात्र दोन्हींनी जात नाही. कॅप पुसावीच लागते.

खरा प्रश्न तलासरीच्या मिस्त्रीने विचारला. "साहेब, पॉइंट मरताना आधी खोकतो. हे मरेल तेव्हा सांगणार का?" नाही सांगणार. इंजिन बंद आणि चावी ऑन राहिली तर काही मॉड्यूल गरम होऊन उडतात, वायर उलट जोडली तर लगेच. आणि मग काडेपेटी कामाची नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक प्लॅन हवा. म्हणून किट बसवलं, पण पॉइंट आणि कंडेन्सरसकट जुनी प्लेट गॅप लावून बिस्किटाच्या डब्यात डिकीत ठेवली. मिस्त्रीने मामांकडून ती दोनदा बसवून घेतली. दुसऱ्या वेळी पंचवीस मिनिटं लागली.

जाता जाता: २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. २०२८ ला पद्मिनीचा नंबर लागतो. मी मामांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी अट वाचली: अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच.

"मग मामीला वापीला रॅलीत नेऊ का?" म्हणाले, आणि कागद परत दिला.